रातांब्याचे गुण आणि आगळातले मीठ

वैशाख संपत आला की आमच्या घरामागच्या रातांब्याच्या झाडाखाली लाल फळांचा सडा पडतो. पाऊस तोंडावर आलेला असतो. तो येण्याआधी फळे उतरवून, फोडून, साली उन्हात घालून सुकवून घ्याव्या लागतात; एक जोराची सर आली तर सगळ्या श्रमांवर पाणी. त्या पंधरा दिवसांत घरातल्या सर्वांचे हात कोपरापर्यंत लाल असतात. हे लाल हात मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण त्या लाल रंगात काय असते, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला मागच्या वर्षी, आणि तोही जरा महाग पडून. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. तेव्हा या विषयावर मी लिहावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु पुढची हकीगत वाचल्यावर मी का लिहिते आहे ते वाचकांच्या लक्षात येईल.

माझी आजी निरक्षर आहे. आई चौथीपर्यंत शिकलेली. घरात छापलेले काही आले, मग ते विजेचे बिल असो, सोसायटीची नोटीस असो की लग्नाची पत्रिका, ते मी वाचून दाखवायचे, हा मी पाचवीत असल्यापासूनचा रिवाज. मागच्या वर्षी माघात जत्रेहून येताना शेजारच्या काकूंनी एका स्टॉलवरचे पत्रक आणले. त्यावर रातांब्याचे सुरेख रंगीत चित्र होते आणि खाली लिहिले होते, ‘अँटिऑक्सिडंटयुक्त कोकम. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, पित्त आणि कर्करोग यांवर गुणकारी.’ मी ते आजीला वाचून दाखवले.

आजीने विचारले, “ता अँटी का काय ता म्हणजे काय गो?”

मी म्हणाले, “आंगाक बरा असता ता.”

त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. तरीही मी तो सांगितला. आजीला रक्तदाबाचा विकार आहे आणि सरकारी दवाखान्यातून तिला रोजची एक गोळी मिळते. त्या दिवसानंतर तिने गोळी बंद केली. कोणाला काही बोलली नाही. घरचे आगळ पाण्यात घालून ती सकाळ-संध्याकाळ पिऊ लागली. आईच्या लक्षात आले तेव्हा आजी म्हणाली, “गोळ्यो गरम पडतत. आगळ थंड असता, ताच बरा. पोरीन वाचून दाखवल्यान मा!” नात कॉलेजात जाते, तिने वाचून दाखवले, म्हणजे ते खरेच असणार, हा तिचा हिशेब. त्या हिशेबाला मी मनातून थोडी सुखावलेही होते.

चैत्र संपता संपता आजी तुळशीपाशी चक्कर येऊन पडली. उजवे मनगट मोडले. दवाखान्यात रक्तदाब मोजला तो १९० आणि ११० भरला. डॉक्टरबाईंनी गोळीची चौकशी केली आणि सगळा प्रकार उघडकीला आला. त्यांनी रागावण्याऐवजी आईला एकच प्रश्न विचारला, “आगळात मीठ किती घालता?” आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आगळ होते, पण हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता आणि आम्हीही स्वतःला विचारला नव्हता.

आजीचे हाड जुळले, गोळी पुन्हा सुरू झाली. माझ्या मनातून मात्र तो शब्द जाईना. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या मॅडमकडे मी सुट्टीत चार-पाच वेळा गेले. त्यांनी समजावून दिले, काही वाचायला दिले. त्यातून जे उमगले ते माझ्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडीत आहे.

फळाची ओळख

रातांबा हे पश्चिम घाटाचे आणि कोकण किनाऱ्याचे फळ. ताज्या फळाला रातांबा, वाळलेल्या सालीला कोकम, आमसूल किंवा सोल असे आपण म्हणतो. गोव्यात आणि आमच्याकडच्या काही गावांत ताज्या फळाला भिरंड म्हणतात. संस्कृतात याला वृक्षाम्ल असे नाव आहे. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. गार्सिनिया हे नाव लॉरेंट गार्सिन या अठराव्या शतकातील निसर्गअभ्यासकावरून पडले. या कुळातली भावंडे दूरवर पसरली आहेत. आग्नेय आशियात लोकप्रिय असलेले मँगोस्टीन हे त्यांतले एक. केरळात माशाच्या कालवणात जी कुडंपुळी घालतात तीही रातांब्याची सख्खी बहीण. तिचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून तिचे नाव ध्यानात ठेवावे.

रातांब्याच्या झाडात नर आणि मादी वेगळी असतात. बियांपासून उगवलेल्या रोपांतली जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि ते कळायला झाड फुलावर येईपर्यंत सहा-सात वर्षे थांबावे लागते. सात वर्षे पाणी घालून शेवटी झाड नर निघाल्याचे दुःख आमच्या वडिलांनी दोनदा भोगले आहे. त्यामुळे आता मादी झाडाच्या फांदीचे कलम लावण्याकडे कल आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात याच कामासाठी दिली.

या फळाचे काही वाया जात नाही. साली गराच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून, मीठ लावून उन्हात वाळवल्या की आमसूल होते. साली मिठात मुरवून सुटलेला दाट रस म्हणजे आगळ. साखरेत मुरवल्या की सरबताचा पाक. बियांतून निघणारे मुठेल घरातल्या थंडाव्यात मेणासारखे घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने मऊ होते. शेतात राबणाऱ्या बायका ते टाचांच्या भेगांना लावतात. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आमच्या गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून हे सर्व चालू आहे.

रंगातले रहस्य

आपल्यापैकी ज्यांनी रातांबे फोडले आहेत त्यांनी एक गंमत पाहिली असेल. लाल हात साबणाने धुवायला घेतले की रंग निघून जाण्याआधी निळसर, काळपट होतो. मी हे शेकडो वेळा पाहिले आणि साबणालाच दोष दिला. खरे कारण निराळे आहे. सालीतल्या लाल रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. हे द्रव्य आंबट पदार्थात लाल दिसते आणि क्षारात निळ्याकडे झुकते. साबण क्षारयुक्त, म्हणून रंग बदलतो. कोकम सरबताच्या दोन चमच्यांत चिमूटभर खायचा सोडा टाकून कोणीही हा प्रयोग घरी करून पाहावा. जांभूळ, करवंद, वांग्याची जांभळी साल, लाल कोबी या सर्वांचा रंग याच कुटुंबातला.

हे अँथोसायनिन अँटिऑक्सिडंट आहे. आता या शब्दाचा अर्थ पाहू.

आपल्या शरीरात अन्नाचे ज्वलन ऑक्सिजनच्या साह्याने अखंड चालू असते. त्या कामात काही अर्धवट, अस्थिर रेणू तयार होतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. रेणूतले इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीने राहतात. मुक्त मूलकात एखादा इलेक्ट्रॉन एकटा असतो. याला मला आमच्याकडचीच उपमा सुचते. एखाद्या शेतकऱ्याच्या जोडीतला एक बैल गेला आणि नांगरणी तर तोंडावर आली. तो शेजाऱ्याच्या गोठ्यातला एक बैल सोडून आणतो. मग शेजारी एकबैली होतो, तो तिसऱ्याचा सोडून आणतो. अशी गावभर चोरीची साखळी लागते. शरीरातही असेच होते. पेशीच्या आवरणातली स्निग्ध द्रव्ये, प्रथिने, अगदी आनुवंशिक द्रव्यसुद्धा या ओढाताणीत बिघडू शकते. अँटिऑक्सिडंट म्हणजे असा शेतकरी की ज्याच्याकडे एक बैल जास्तीचा आहे आणि तो देऊनही त्याचे काही अडत नाही. तो बैल देतो आणि साखळी तेथेच तुटते.

वय वाढते ते मुख्यतः या मूलकांच्या नासधुशीमुळे, असा सिद्धांत डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडला. पुढे त्याच धाग्याने लोकांनी असा विचार केला की मूलक हे शत्रू, अँटिऑक्सिडंट हे मित्र, तेव्हा मित्र जितके जास्त पोटात जातील तितके उत्तम. पत्रके निघाली ती या सरळ हिशेबातून.

परंतु शरीराचा हिशेब इतका सरळ नाही. एक तर शरीर स्वतःची संरक्षक द्रव्ये स्वतःच तयार करते. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी १९६९ साली दाखवून दिले की आपल्या पेशींत एक विकर याच कामावर नेमलेले असते. दुसरे, सगळे मूलक शत्रू नसतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात ते अशाच तिखट रेणूंचा मारा करून. तेव्हा गावातले सगळे एकबैली शेतकरी नाहीसे करणे हे गावाच्या हिताचेच असते असे नव्हे.

नळीपासून माणसापर्यंत

येथवर समजल्यावर मी मॅडमना म्हणाले, “म्हणजे कोकमात अँटिऑक्सिडंट आहे हे पत्रकातले वाक्य खरेच होते.” त्या म्हणाल्या, “खरे होते. पण त्याच्या पुढचे वाक्य त्यातून निघते का, हे तू पाहा.” मला तर्कशास्त्राचा तास आठवला. पहिले विधान सत्य, म्हणून निष्कर्ष सत्य असे होत नाही. मधला दुवा लागतो.

एखादा पदार्थ रोगावर उपयोगी आहे असे म्हणण्यापूर्वी चार पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी काचेच्या नळीची : पदार्थ मूलकांना निष्प्रभ करतो का? दुसरी उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांची. तिसरी माणसांची : पोटात घेतलेला पदार्थ रक्तापर्यंत पोहोचतो का आणि काही बदल घडवतो का? चौथी आणि शेवटची : पुष्कळ माणसांचे दोन गट करून, एकाला पदार्थ आणि दुसऱ्याला दिसायला तसेच पण निरुपयोगी काही देऊन, खरोखर रोग कमी होतो का हे वर्षानुवर्षे पाहणे. पत्रके बहुधा पहिल्या पायरीवर उभी राहून चौथीची भाषा बोलतात.

पहिल्या पायरीवर किती विसंबावे याचा एक बोलका दाखला आहे. अमेरिकेच्या शेती खात्याने फळे, भाज्या आणि मसाले यांची अँटिऑक्सिडंट शक्ती नळीत मोजून तिचा एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. व्यापाऱ्यांनी त्यातले आकडे डब्यांवर छापायला सुरुवात केली. शेवटी २०१२ साली खात्याने तो तक्ताच मागे घेतला. नळीतल्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध सिद्ध होत नाही आणि आकड्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर होतो, हे कारण त्यांनी दिले. अँथोसायनिनचेच पाहा. खाल्लेल्या अँथोसायनिनचा फार थोडा अंश मूळ रूपात रक्तात उतरतो; बाकीचे आतड्यात बदलते किंवा बाहेर पडते.

चौथ्या पायरीवरची गोष्ट त्याहून गंभीर आहे. गाजरातल्या केशरी रंगद्रव्याला बीटा कॅरोटीन म्हणतात, तेही अँटिऑक्सिडंटच. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून त्याच्या गोळ्या देऊन पाहाव्यात असे ठरले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षे हा प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला तेव्हा सगळे चकित झाले. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत अशाच प्रयोगात १८,३१४ स्त्री-पुरुष होते. त्यांतही धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात काम केलेले लोक. त्यांना बीटा कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व एकत्र दिले होते. तेथेही अपाय दिसू लागला आणि १९९६ च्या जानेवारीत तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. गाजर खाणे वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. फळातून एखादे द्रव्य वेगळे काढून त्याची गोळी केली की ते फळासारखेच वागेल हा भरवसा धरता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

रातांबा कोणत्या पायरीवर?

आता आपल्या फळाकडे वळू. रातांब्यातल्या तीन द्रव्यांवर शास्त्रज्ञांचे लक्ष आहे. एक अँथोसायनिन. दुसरे गार्सिनॉल, सालीत सापडणारे पिवळे द्रव्य. तिसरे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल.

गार्सिनॉल नळीत मूलकांना चांगलेच रोखते. २००० साली जपानी संशोधकांनी ते उंदरांना देऊन पाहिले, तेव्हा जठरातले व्रण कमी झाल्याचे त्यांना आढळले. आपल्याकडे पित्तावर आमसुलाचे पाणी देतात, त्याची येथे आठवण होते. २००४ साली बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पेशीतली जनुके चालू-बंद करण्यात भाग घेणाऱ्या एका विकराला गार्सिनॉल अडवते. कर्करोगाच्या पेशींत जनुकांचा हा कारभार बिघडलेला असतो, म्हणून या शोधाला महत्त्व आहे. आपल्या परसातल्या फळाचे नाव जगाच्या प्रयोगशाळांत घेतले जाते याचा मला अभिमान वाटला. पण हे प्रयोग पेशींवर आणि प्राण्यांवर झाले आहेत, म्हणजे आपण पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहोत. आमसुलाने माणसाचा कर्करोग बरा झाला असे यातून कोणालाही म्हणता येणार नाही. कोणी म्हणत असेल, तर तो रुग्णाचा मोलाचा वेळ वाया घालवतो आहे.

तिसऱ्या द्रव्याची कथा पुढच्या पायरीपर्यंत गेलेली आहे. केरळच्या कुडंपुळीतले मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसिट्रिक आहे हे लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली दाखवले. आपल्या रातांब्यातही ते असते. पिष्टमय अन्नापासून चरबी तयार होण्याच्या वाटेवर जे विकर काम करते त्याला हे आम्ल अडवते, असे पुढे प्रयोगशाळेत आढळले. एवढ्या आधारावर कुडंपुळीच्या अर्काच्या, वजन घटवणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार जगभर उभा राहिला. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे रीतसर प्रयोग झाला. दोन्ही गटांना सारखाच मोजका आहार दिला. गोळी घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. म्हणजे वजन उतरले ते आहाराने. गोळीचा गुण काही दिसला नाही. पुढे अशा अर्कांच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. कालवणात चार सोले टाकणे आणि तेच द्रव्य आटवून त्याच्या गोळ्या गिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे पुन्हा दिसते.

मिठाचा हिशेब

पत्रकात रातांब्यातली सगळी द्रव्ये होती. आपण माणसांनी त्यात काय घातले तेवढे नव्हते. मी आईजवळ बसून आमच्या घरचे प्रमाण लिहून काढले. दहा किलो साली आणि गर यांना दीड किलो मीठ. म्हणजे ढोबळ मानाने मुरलेल्या आगळाच्या शंभर भागांत तेरा भाग मीठ. आजी एका वेळी पाण्यात छोटी अर्धी वाटी, साधारण चाळीस मिलिलिटर आगळ घालीत असे. त्यात पाच ग्रॅमांच्या वर मीठ झाले. दोन वेळचे दहा ग्रॅमांहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरात सर्व अन्न मिळून पाच ग्रॅमांपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. आजीच्या पोटात दिवसाकाठी त्याच्या दुप्पट मीठ नुसत्या ‘औषधातून’ जात होते. भात, कालवण, सुकी मासळी आणि लोणचे वेगळेच. मिठाने शरीरात पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते आणि नळ्यांवरचा दाब चढतो. ज्या रोगासाठी ती आगळ पीत होती तोच रोग त्याने वाढत होता. त्यातच गोळी बंद.

आगळाचा यात दोष नाही. मीठ घातल्याशिवाय ते पावसाळ्यात टिकत नाही. आपल्या पूर्वजांनी ते टिकाऊ केले ते वर्षभर कालवणाला आंबटपणा मिळावा म्हणून. चमचाभर घालायची वस्तू आम्ही वाटीने प्यायला लागलो, ही चूक आमची. सरबताच्या पाकाचेही तसेच. त्यात सालीइतकीच, कधी त्याहून जास्त साखर असते. मधुमेही माणसाने ‘कोकम मधुमेहावर गुणकारी’ असे वाचून तो पाक रोज प्यावा, यासारखी दुसरी विसंगती नाही.

मग रातांब्याचा उपयोग काय?

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, तर मग आमसूल उकिरड्यावर टाकावे काय? मुळीच नाही. मला उलटे म्हणायचे आहे. रातांबा हे उत्तम अन्न आहे आणि त्याला अन्न म्हणूनच मान द्यावा. फळे आणि भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम खाव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. वर्षानुवर्षे नाना रंगांची फळे-भाज्या खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते. त्या लाभात फळातल्या रंगाचा वाटा किती, चोथ्याचा किती, खनिजांचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. कदाचित ती सगळी मिळूनच काम करीत असतील. त्या थाळीत आपल्या रातांब्याला, जांभळाला, करवंदाला आणि आवळ्याला जागा आहे, आणि ती फळे आपल्या परसात किंवा रानात फुकट किंवा स्वस्त मिळतात. उन्हातून आल्यावर ताज्या रातांब्याचे पाणी, जेवणानंतर सोलकढी, माशाच्या कालवणात दोन सोले, हे सुख आहेच. त्यासाठी कर्करोगाचे नाव घेण्याची गरज नाही.

आजीला डॉक्टरबाईंनी रातांबा सोडायला सांगितला नाही. गोळी चुकवू नका, मीठ कमी करा आणि कढी प्यायची तर बिनमिठाच्या सोलांची प्या, एवढेच त्या म्हणाल्या. मागच्या वैशाखात आईने पहिल्यांदा थोड्या साली मीठ न लावता कडक वाळवून वेगळ्या बरणीत भरल्या. त्या लवकर काळ्या पडतात आणि त्यांना बुरशीपासून जपावे लागते, पण आजीपुरत्या वर्षभर पुरल्या. बरणी ओळखू यावी म्हणून आईने तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला, कारण आजीला चिठ्ठी वाचता येत नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच घरातून कॉलेजात आलेली पहिली माणसे आहेत. गावात आपल्या वाचण्याला वजन असते. छापलेले आपण वाचून दाखवतो आणि ऐकणारा ते आपल्या भरवशावर खरे धरतो. म्हणून यापुढे असे पत्रक हाती आले तर चार प्रश्न विचारायचे मी ठरवले आहे. हे कोणावर तपासले, नळीत, उंदरावर की माणसावर? किती प्रमाणात? त्यात फळाखेरीज मीठ, साखर, आणखी काय आहे? आणि हे घेताना चालू औषध बंद करायला कोणी सांगते आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ते पत्रक डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरात कोणाला वाचून दाखवायचे नाही.

या वर्षीच्या जत्रेतूनही एक पत्रक आमच्या घरी आले. या खेपेला ते आवळ्याच्या गोळ्यांचे होते. आजीने ते मोडलेल्या, आता बऱ्या झालेल्या हाताने माझ्यापुढे धरले आणि विचारले, “ह्या खरा काय गो?”

मी म्हणाले, “माका म्हायत नाय. विचारून सांगतंय.”

– द्वितीय वर्ष, कला